मॅकॉले म्हणजे मुळात कोणाचा मुलगा? एका गेलिक आडनावाची नॉर्स मुळे

जुना_दस्त

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या ५११ कलमांवर माझी तीस वर्षांची फौजदारी वकिली उभी होती, ती दंड संहिता कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली. जुन्या खटल्यांपुरती ती अजून खाली काढावी लागते, ही गोष्ट वेगळी. त्या निमित्ताने तिचा पहिला मसुदा करणाऱ्या थॉमस बॅबिंग्टन मॅकॉलेचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले आणि पहिल्याच प्रकरणात अडकलो, कारण ज्याला आपण इंग्रजीपणाचा पुतळा समजतो त्याचे आडनाव इंग्रजी नाही.

स्कॉटलंडच्या वायव्येला हेब्रिडीज नावाची बेटे आहेत. त्यांतील ल्यूइस बेटाच्या पश्चिम टोकाला ऊइग हा भाग आहे आणि मॅकॉले हे घराणे मूळचे तिथले. स्कॉटलंड-आयर्लंडच्या गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा, आणि पुढचा भाग हा ‘ओलाफ’ या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या, नावाचा गेलिक अवतार आहे. म्हणजे मॅकॉले हा ‘ओलाफचा मुलगा’ झाला. इंग्रजाळलेल्या भारतीयांना ‘मॅकॉलेपुत्र’ म्हणून हिणवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण पुत्र त्या नावात आधीच बसलेला असल्यामुळे हिणवणारे नकळत ‘ओलाफच्या पुत्राचा पुत्र’ असे म्हणत असतात.

हा ओलाफ कोण, हे नाव गेलिक बोलणाऱ्यांच्या तोंडी कसे गेले आणि ते पुढे कोणी कोणी मिरवले, याची माहिती इथल्या जाणकारांनी द्यावी. इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणाऱ्या मॅकॉलेच्या १८३५ मधल्या टिपणावरचा नेहमीचा वाद या धाग्यावर नको, एवढी विनंती आहे.

धातुसाधित

नावाच्या भाषिक बाजूबद्दल लिहितो, कारण हे उदाहरण फार देखणे आहे.

ओलाफचे सर्वांत जुने रूप दोन शब्दांचे आहे. पहिल्याचा अर्थ ‘पूर्वज’ आणि दुसऱ्याचा ‘मागे उरलेला’, म्हणजेच वारस. पहिल्या शब्दात ‘न’ होता. पुढे नॉर्स भाषेत तो ‘न’ झिजला आणि जाता जाता आधीच्या स्वराला नाकात ढकलून गेला. त्यानंतर नॉर्समधला तो नासिक्य उच्चारही हरपला आणि ‘ओलाफ’ उरले. परंतु नवव्या शतकात आयरिश लोकांच्या कानांवर हे नाव पडले तेव्हा नाकातला उच्चार जिवंत होता. गेलिक लेखनात ‘म’ आणि ‘ह’ ही अक्षरे जोडून येतात तिथे उच्चार साधारणपणे नाकातल्या ‘व’सारखा होतो, आणि आयरिश लेखकांनी हे नाव टिपायला तोच ध्वनी निवडला. त्यामुळे जुन्या आयरिश वृत्तांतांत ‘अम्लाइब’ असे दिसते, ज्याचा उच्चार ‘अँव्लाइव’च्या जवळ जातो. इंग्रजांनीही तो नासिक्य ऐकला होता. ब्रुनानबुर्हच्या इ.स. ९३७ मधल्या लढाईवरील जुन्या इंग्रजी कवितेत डब्लिनचा राजा ओलाफ हा ‘अन्लाफ’ म्हणून येतो.

आपल्याकडे ‘केलें’, ‘घरांत’ यांवरचे अनुस्वार उच्चारातून गेल्यानंतरही कितीतरी वर्षे लेखनात टिकले आणि १९६२ च्या नियमांनी ते काढले. इथे गंमत अशी की नाकातला स्वर मूळ भाषेने टाकला आणि तो सांभाळला शेजाऱ्याने.

आता आडनाव पाहा. ‘मॅक अव्लाइव’मधला शेवटचा ‘व’ स्कॉटिश गेलिकमध्ये विरला आणि ‘मॅक अव्लाय’सारखे रूप झाले, इंग्रजी कारकुनांनी ते ‘मॅकॉले’ असे उतरवले. आयर्लंडच्या दक्षिणेला, मन्स्टर प्रांतात, तोच ‘व’ टिकला आणि ‘फ’ होऊन लिहिला गेला. त्यातून ‘मॅकॉलिफ’ हे आडनाव तयार झाले. मॅकॉले आणि मॅकॉलिफ ही एकाच नावाची दोन रूपे आहेत.

बखरीचा_वाचक

अँथनी मॅकॉलिफ हे अमेरिकी सेनानी यातलेच म्हणायचे! डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधल्या बास्तोनला वेढा पडला असताना जर्मनांनी शरणागतीची मागणी केली, तेव्हा त्यांनी एकाच शब्दात ‘नट्स’ असे लेखी उत्तर पाठवले होते. ‘चॅलेंजर’ यानाच्या १९८६ मधील अपघातात मृत्यू पावलेल्या शिक्षिका क्रिस्टा मॅकॉलिफ यांचेही आडनाव हेच, मात्र त्यांना ते लग्नानंतर मिळाले होते.

एकूण ही सगळी व्हायकिंगांची प्रजा दिसते. रक्तात होते ते बाहेर आले, असे म्हणावे काय?

धातुसाधित

बखरीचा वाचक, रक्ताकडे इतक्या लवकर जाऊ नये. नावाचे मूळ आणि वंशाचे मूळ ही दोन वेगळी खाती आहेत, आणि मॅकॉलिफ हेच त्याचे उत्तम उदाहरण आहे. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील डुहालो भागाचे मॅकॉलिफ हे मॅकार्थी या अस्सल गेलिक राजघराण्याची शाखा आहेत. त्यांच्या एका पूर्वजाचे नाव ओलाफ ठेवले गेले होते, इतकेच. फरमॅना परगण्यातले मॅकॉले हेही तिथल्या मग्वायर राजांच्या घराण्यातून, १३०२ मध्ये वारलेल्या डॉन कॅराक मग्वायर याच्या ओलाफ नावाच्या मुलापासून निघाले. तिथल्या एका तालुक्याला ‘क्लॅनॉली’ हे नाव त्यांच्यामुळेच पडले.

शतकानुशतके शेजारी राहिल्यावर नावे इकडून तिकडे जातातच. अरबी-फारसीतून आलेली ‘फडणीस’, ‘चिटणीस’, ‘मुजुमदार’ ही आडनावे लावणाऱ्यांना कोणी इराणचे म्हणत नाही.

याहून मोठा सापळा पुढे आहे. आयर्लंडच्या वेस्टमीथ परगण्यातही मॅकॉली आहेत, पण त्यांच्या आडनावात ओलाफ अजिबात नाही. ते ‘अव्हाल्गी’ या निव्वळ गेलिक नावावरून आले आहे आणि ते नाव व्हायकिंग येण्यापूर्वीपासून आयर्लंडमध्ये होते. इंग्रजी लेखनाने दोन वेगळ्या ओढ्यांचे पाणी एकाच घागरीत भरले.

सातबारा

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर, क्लाइड नदीच्या मुखाजवळ आर्डनकेपल इथेही मॅकॉले सरदार होते ना? दुकानात मॅकॉले घराण्याचे म्हणून जे चौकड्यांचे कापड मिळते ते नेमके कोणाचे मानायचे?

धातुसाधित

होय, ते घराणे होते, आणि ल्यूइसच्या मॅकॉलेंशी त्याचा संबंध लागत नाही. १५९१ मध्ये आर्डनकेपलच्या सर ऑले मॅकॉले याने मॅकग्रेगर घराण्याशी लेखी करार करून आपण त्यांचीच धाकटी पाती असल्याचे मान्य केले होते. अभ्यासकांचा कल त्यांना लेनॉक्सच्या अर्लांच्या कुळाशी आणि ‘अव्हाल्गी’ या दुसऱ्या नावाशी जोडण्याकडे आहे. कापडाबद्दल एवढेच सांगतो की प्रत्येक आडनावाला ठरावीक चौकडी नेमून देण्याची पद्धत मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आहे. आवडले तर अवश्य घ्यावे, फक्त त्याला पुरावा मानू नये.

अ‍ॅबर्डीनचा_पाऊस

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे स्कॉटलंडमध्ये राहतो आणि ऊइगला एकदा जाऊन आलो आहे, म्हणून त्या जागेविषयी लिहितो.

उल्लापूलहून बोटीने अडीच-पावणेतीन तासांत ल्यूइसवरचे स्टॉर्नोवे हे बंदर येते. तिथे रस्त्यांवरच्या पाट्या गेलिकमध्ये आहेत, पण त्यांवरची गावांची नावे मात्र बहुतांशी नॉर्स आहेत. ‘ऊइग’ म्हणजे नॉर्स भाषेतली ‘वीक’, अर्थात खाडी किंवा लहान उपसागर. ‘नेस’ म्हणजे समुद्रात घुसलेले भूशिर. शॉबोस्ट, लुअरबोस्ट अशा नावांतला ‘बोस्ट’ म्हणजे शेतवाडी. खुद्द स्टॉर्नोवेमधला ‘वे’ हाही नॉर्स उपसागरच आहे. एकेकाळी या बेटांवर नॉर्स बोलली जात होती, नंतर सगळे पुन्हा गेलिक बोलू लागले आणि गावांची नावे, माणसांची नावे तेवढी खडकासारखी उघडी राहिली. १२६६ च्या पर्थच्या तहापर्यंत ही बेटे नॉर्वेच्या राजाची होती. त्या तहात ४,००० मार्क रोख आणि दरसाल १०० मार्क देण्याच्या बोलीवर ती स्कॉटलंडच्या राजाकडे आली.

ऊइगच्या वाळूत १८३१ मध्ये बुद्धिबळाच्या सोंगट्यांचा प्रसिद्ध साठा सापडला. वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेल्या या सोंगट्या बाराव्या शतकातल्या असून त्या बहुधा नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम इथे घडवल्या गेल्या असाव्यात. साठ्यातील ९३ वस्तूंपैकी ८२ लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आणि ११ एडिंबराच्या संग्रहालयात आहेत. लंडनच्या वाट्यातील सहा सोंगट्या आता स्टॉर्नोवेच्या संग्रहालयात मुक्कामाला असतात. काचेच्या अगदी जवळ जाऊन पाहिल्या, तर राणी उजवा तळहात गालावर ठेवून बसलेली दिसते. शेजारच्या घरचे काहीतरी वाईट ऐकून बायका बसतात तशी. हत्तीच्या जागी पायदळाचा सैनिक असतो आणि त्यातले काही जण डोळे वटारून स्वतःच्याच ढालीची वरची कड दातांनी चावत असतात. नॉर्स कथांत युद्धापूर्वी भान हरपणारे योद्धे येतात, ते हेच. ज्या काळात या सोंगट्या घडल्या त्या काळात ऊइगमध्ये ‘ओलाफ’ हे नाव ठेवणे किती साधी गोष्ट असेल, हे त्या काचेसमोर उभे राहिल्यावर समजले.

तिथल्या परंपरेप्रमाणे मॅकॉले आपला मूळपुरुष म्हणून आयल ऑफ मॅन आणि बेटांचा राजा ‘काळा ओलाफ’ (मृत्यू १२३७) याचे नाव घेतात. शेजारचे मॅक्लाउडही त्याच राजापर्यंत जातात. राजाला पूर्वज करून घेण्याची हौस सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे ही वंशावळ परंपरा म्हणूनच ऐकावी.

उंबरठा

ल्यूइसच्या मॅकॉलेंमध्ये कोणी लढवय्ये होते का? की सगळे धर्मोपदेशकच?

अ‍ॅबर्डीनचा_पाऊस

उंबरठाताई, धर्मोपदेशक नंतरचे. आधी गुरे पळवणे हाच मुख्य व्यवसाय होता. १६०० च्या आसपास ऊइगमध्ये डोनल्ड कॅम मॅकॉले होऊन गेला. ‘कॅम’ म्हणजे एकाक्ष. त्याचे ल्यूइसच्याच नेस भागातल्या मॉरिसन घराण्याशी हाडवैर होते. कार्लोवे इथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, चुना न वापरता रचलेला दगडी बुरूज आहे. त्याची एक बाजू अजूनही नऊ मीटरांपर्यंत उभी आहे. स्थानिक कथा अशी की ऊइगची गुरे हाकून नेणारे मॉरिसन त्या बुरुजात आसऱ्याला थांबले. दार इतके बुटके आणि अरुंद की आत शिरणाऱ्याला वाकावेच लागते, त्यामुळे समोरून हल्ला करणे म्हणजे मान पुढे करणे. डोनल्ड कॅमने दोन खंजीर घेतले, दगडांच्या सांध्यांत ते एकाआड एक खुपसत तो बाहेरून भिंत चढला आणि वरून पेटत्या झुडपांच्या पेंढ्या आत टाकून मॉरिसनांना धुराने गुदमरवले. मी ते दगड हाताने चाचपून पाहिले. सांधे तसे रुंद आहेत, पण माझ्याच्याने पहिल्या खंजिरापुढे काही झाले नसते.

जुना_दस्त

फार मोलाची माहिती मिळते आहे. चरित्रात वाचलेले माझ्याकडून जोडतो.

लॉर्ड मॅकॉलेचे, म्हणजे आपल्या थॉमसचे, पणजोबा ऑले मॅकॉले हे ल्यूइसला लागून असलेल्या हॅरिसचे धर्मोपदेशक होते. ‘ऑले’ म्हणजे पुन्हा ओलाफच. त्यामुळे पणजोबांचे पूर्ण नाव ‘ओलाफ ओलाफपुत्र’ असे होते. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हरल्यानंतर ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणारा राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट बेटाबेटांवर लपत फिरत होता आणि त्याला पकडून देणाऱ्यास ३०,००० पौंडांचे इनाम जाहीर झाले होते. साऊथ यूइस्ट बेटावर धर्मोपदेशक असलेल्या जॉन या मुलाने वडिलांना राजपुत्राची खबर दिली आणि ऑले माणसे घेऊन त्याला धरायला स्कॅल्पे बेटावर गेले. तिथल्या यजमानाने पाहुण्याला सोपवायला नकार दिला, म्हणून हात हलवत परत यावे लागले.

हाच जॉन म्हणजे लॉर्ड मॅकॉलेचे आजोबा. पुढे ते स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर इन्व्हररीला असताना ऑक्टोबर १७७३ मध्ये कोशकार डॉ. जॉन्सन आणि त्यांचे चरित्रकार बॉझवेल तिथे आले. हे तेच जॉन्सन, ज्यांची ओळख विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून मराठी वाचकांना करून दिली. गप्पांच्या ओघात जॉन मॅकॉले म्हणाले की बोलणे चांगले आणि वागणे त्याला सोडून असणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर आपला विश्वास बसत नाही. त्यावर जॉन्सन उसळले आणि चांगली तत्त्वे मनापासून मानणारा माणूसही आचरणात कमी पडू शकतो, हे ठाऊक नसण्याइतके मनुष्यस्वभावाचे अज्ञान आपल्याला आहे काय, असे त्यांनी सुनावले. जॉनचे बंधू केनेथ यांच्या नावावर सेंट किल्डा बेटाचा १७६४ मधला इतिहास आहे. त्याच दौऱ्यात केनेथना भेटल्यावर, या गृहस्थांच्या हातून ते पुस्तक लिहून झाले असणे शक्य नाही, असे जॉन्सन यांचे मत झाले. मॅकॉले बंधूंना तो दौरा एकंदरीत मानवला नाही.

बखरीचा_वाचक

धातुसाधित यांची दुरुस्ती मान्य आहे. या घराण्याचा भारताशी संबंध मात्र लॉर्ड मॅकॉलेपासून सुरू होत नाही. जॉनचा मुलगा कॉलिन मॅकॉले हा १८०० ते १८१० या काळात त्रावणकोर आणि कोचीनचा ब्रिटिश रेसिडेंट होता. त्रावणकोरचे दिवाण वेलू थंपी दळवा आणि कोचीनचे मंत्री पालियथ अच्चन यांनी डिसेंबर १८०८ मध्ये कोचीला त्याच्या निवासस्थानावर हल्ला केला, तो यालाच पकडण्यासाठी, पण कॉलिन निसटला. दुसरा मुलगा झकरी कोवळ्या वयात जमैकाच्या ऊसमळ्यावर नोकरीला गेला, तिथली गुलामगिरी पाहून परतला आणि पुढे सिएरा लिओनचा गव्हर्नर व गुलामगिरीविरोधी चळवळीचा आधारस्तंभ झाला. थॉमस हा या झकरीचा मुलगा. तो १८०० मध्ये इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये जन्मला आणि जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला.

उंबरठा

मूळ लेखकांनी टिपणाचा वाद नको म्हटले आहे, तरी आडनावाच्या प्रवासाशी थेट जोडलेला एक मुद्दा मांडते. १६०९ मध्ये स्कॉटिश राजसत्तेने बेटांवरच्या सरदारांकडून आयोना या बेटावर काही कलमांवर सह्या घेतल्या. त्यांतील एक कलम असे होते की ज्याच्याकडे साठ गुरे आहेत त्याने आपला थोरला मुलगा, आणि मुलगा नसल्यास थोरली मुलगी, दक्षिणेकडच्या शाळेत इंग्रजी शिकायला पाठवावी. १६१६ च्या फर्मानात तर गेलिक नष्ट करण्याचा हेतू उघडच लिहिलेला आहे. म्हणजे वरच्या थराला इंग्रजी शिकवून बाकीच्यांना मार्गाला लावायचे, हा प्रयोग मॅकॉलेच्या पूर्वजांच्या बेटांवर त्याच्या टिपणाआधी सव्वादोनशे वर्षे होऊन गेला होता. पणतू टिपण लिहायला बसला तेव्हा तो स्वतः त्याच कारखान्यातून बाहेर पडलेला माल होता.

धातुसाधित

मुद्दा विचार करण्यासारखा आहे, फक्त एक जोड द्यावीशी वाटते. या घराण्याने इंग्रजी जबरदस्तीनेच स्वीकारली असे दिसत नाही. धर्मोपदेशकाच्या घरात इंग्रजी हा चरितार्थाचा रस्ता होता आणि झकरी तर लहानपणीच परदेशी गेला. परिणाम मात्र आपण म्हणता तोच झाला. आजोबांनी हेब्रिडीजमधल्या गेलिक बोलणाऱ्या परगण्यात उपदेश केला, आणि नातवाने आपल्या इंग्लंडच्या इतिहासात हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ गेलिक मुलखातल्या, जुन्या जगण्याचे वर्णन केले ते उवा-पिसवांनी भरलेल्या झोपड्यांचे. हिंदुस्थानी ग्रंथसंपदेबद्दल तो जे बोलला त्याने आपल्याला राग येतो. पण आपल्या आजोबांच्या मुलखालाही त्याने झुकते माप दिले नाही.

सातबारा

मॅक्लाउडचा उल्लेख वर आला आहे. आपले मॅक्लाउडगंज त्यांच्यातलेच का? आणि पूर्ण ‘मॅक’ (Mac) लावणारे स्कॉटिश, तर अर्धा ‘मॅक’ (Mc) लिहिणारे आयरिश, हे खरे आहे का?

धातुसाधित

होय, मॅक्लाउडगंज हे पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर (१८६५ ते १८७०) सर डोनाल्ड मॅक्लाउड यांच्या नावावरून आहे. त्यांचा जन्म कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधला. ‘लाउड’ हे नॉर्स ‘ल्योत’ आहे आणि त्याचा शब्दार्थ ‘कुरूप’, तेव्हा धरमशालेच्या पर्यटकांना हे न सांगितलेलेच बरे. याच जातकुळीची मॅकआयव्हर (ईवारचा मुलगा) आणि मॅकआस्किल (आस्केटिलचा मुलगा) ही आडनावे आहेत. लॅमंट तर ‘लॉमन’, म्हणजे कायदा सांगणारा, या नॉर्स पदावरून आले. मूळ लेखकांच्या व्यवसायाला ते जास्त शोभले असते.

‘मॅक’च्या पूर्ण-अपूर्ण लेखनावरून देश ठरवणे चूक आहे. अपूर्ण रूप हा केवळ संक्षेप आहे, आपण ‘चिरंजीव’चे ‘चि.’ करतो तसा.

उंबरठा

मुलींचे काय? ओलाफच्या मुलीलाही ‘ओलाफचा मुलगा’च म्हणायचे?

अ‍ॅबर्डीनचा_पाऊस

गेलिकमध्ये नाही. तिथे मुलीच्या आडनावाला ‘मॅक’ऐवजी ‘निक’ लागतो आणि त्याचा अर्थ त्या घराण्यातली मुलगी. इंग्रजी कागदपत्रांत मात्र सगळ्यांना ‘मॅक’ करून टाकतात. शिवाय ल्यूइसमध्ये ठरावीक आडनावे इतकी आहेत की गावात आडनावाने कोणी कोणाला ओळखतच नाही. ‘मर्डोच्या इयनचा डोनल्ड’ अशी बापआज्याची साखळी सांगावी लागते, नाहीतर टोपणनाव. पोस्टमनला दोन्ही ठाऊक असावे लागते.

जुना_दस्त

सर्वांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या होत्या, त्या नोंदवतो.

लॉर्ड मॅकॉले अविवाहित राहिला आणि डिसेंबर १८५९ मध्ये वारला. त्याने मसुदा केलेली दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली, ती त्याच्या पश्चात. दोनच वर्षांपूर्वी मिळालेला त्याचा किताबही त्याच्याबरोबर संपला. परंतु त्याची बहीण हॅना हिने डिसेंबर १८३४ मध्ये कलकत्त्यात चार्ल्स ट्रेव्हेलियनशी लग्न केले होते आणि तिच्या नातवाने, म्हणजे इतिहासकार जॉर्ज मॅकॉले ट्रेव्हेलियन (१८७६ ते १९६२) यांनी, हे आडनाव मधले नाव म्हणून वागवले. मधल्या जागी बापाचे नाव लिहिणाऱ्या आपल्या डोळ्यांना ते आजीच्या माहेरचे आहे हे चटकन कळत नाही.

दुसरी गोष्ट लेखनाची. दोन सदस्यांनी मला व्यक्तिगत निरोपातून विचारले की शीर्षकात ‘मेकॉले’ हवे की ‘मॅकॉले’. मराठीत दोन्ही छापले जाते. मूळ ‘मॅक’ पाहता मी ‘मॅ’ ठेवला आहे. धातुसाधित यांनी नासिक्य उच्चाराचे वर्णन केल्यापासून ‘माँ’च्या धर्तीवर त्या ‘कॉ’वरही अनुस्वार द्यावा असे मनात आले होते, पण संपादकांनी तो मुद्रणदोष समजून काढला असता.

धातुसाधित

द्यावा साहेब. अकराशे वर्षांपूर्वी तो तिथेच होता.